पांढरा बॅकड्रॉप पांढरा कसा आणायचा: छोट्या स्टुडिओतलं पोर्ट्रेट लाइटिंग

पांढऱ्या भिंतीसमोर माणूस उभा केला, चेहऱ्यावर एक सॉफ्टबॉक्स (समोर पांढरा पडदा असलेला, उजेड मऊ करणारा डबा) लावला आणि क्लिक केलं, की चेहरा बरा येतो आणि भिंत राखाडी. मग पॉवर वाढवायची. भिंत जरा उजळते, पण कपाळ आणि नाक जळतं. पॉवर उतरवली की भिंत पुन्हा मळकी. असं चार-पाचदा झालं की ‘जाऊ दे, फोटोशॉपमध्ये कापू’ यावर गाडी येते, आणि तिथे केसांच्या कडा कुरतडलेल्या दिसायला लागतात.

यात दोष भिंतीचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. अंतर वाढलं की उजेड फार झपाट्याने घटतो, एवढंच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. समजा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ४ फुटांवर आहे आणि भिंत माणसाच्या मागे ८ फुटांवर. म्हणजे लाइटपासून भिंत १२ फूट, चेहऱ्याच्या तिप्पट लांब. भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांशच उजेड पोचतो. तीन स्टॉपहून थोडा जास्तच फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चांगला पांढरा पृष्ठभाग मध्यम राखाडीपेक्षा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध दिसणाऱ्या छटेपेक्षा, साधारण सव्वादोन स्टॉप उजळ असतो. वजाबाकी करून बघा: ती पांढरी भिंत फोटोत मध्यम राखाडीपेक्षाही गडद उतरणार, हे शटर दाबायच्या आधीच ठरलेलं असतं.

म्हणून बॅकड्रॉप आणि माणूस ही दोन वेगळी कामं समजायची. बॅकड्रॉपचे लाइट वेगळे, त्यांची पॉवर वेगळी, त्यांचं मोजमाप वेगळं. आणि एकदा बॅकड्रॉपला स्वतंत्र लाइट मिळाले की पुढची चूक बरोबर उलटी होते: लोक भिंतीवर उजेड ओततात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या फाइल्स बघतो, त्यात राखाडी बॅकड्रॉप क्वचित दिसतो. भाजलेला पांढरा सर्रास दिसतो. पांढऱ्याला लागतो तो मोजका उजेड. चेहऱ्यापेक्षा अर्धा ते पाऊण स्टॉप जास्त, फार तर एक.

पुण्यात हे काम रोज निघतं. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांना वेबसाइटसाठी सगळ्यांचे सारखे फोटो हवे असतात, लग्नाच्या बायोडेटाला स्वच्छ बॅकग्राउंड लागतं, पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकात काम केलेली मुलं ऑडिशनसाठी हेडशॉट मागतात, आणि व्हिसाचे फोटो तर बारमाही. यातलं बहुतेक काम बंगल्याच्या एका खोलीत किंवा फ्लॅटच्या रिकाम्या केलेल्या हॉलमध्ये होतं, म्हणून खालची सगळी मापं तशाच जागेला धरून दिली आहेत.

आधी टेप घेऊन खोली मोजा

लाइट विकत घेण्याआधी खोलीची लांबी बघा. भिंतीपासून माणूस ८ फुटांवर आणि माणसापासून कॅमेरा ८ फुटांवर, ही छाती-खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटसाठी सुखाची मांडणी. पाठीमागे तुम्हाला उभं राहायला जागा धरली तर १८ फूट लांबी लागते.

यात लेन्सचा वाटा मोठा आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मि.मी. लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर ८ फुटांवरच्या माणसामागे साधारण साडेचार फूट रुंद भिंत फ्रेममध्ये येते. तीच फ्रेम ३५ मि.मी.ने भरायला गेलात तर तुम्हाला सव्वातीन फुटांवर जावं लागतं, नाक फुगतं, आणि मागे पावणेआठ फूट रुंद भिंत दिसायला लागते. म्हणजे लांब लेन्स वापरली की उजळायची भिंत जवळजवळ निम्मी होते. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर ५० मि.मी.ची स्वस्त लेन्स हेच काम करते.

खोली १० बाय १२ असेल तर? कॅमेरा दाराबाहेर न्या. पॅसेजमधून किंवा हॉलमधून, दाराच्या चौकटीतून फोटो काढायला काहीच हरकत नाही. तेही जमत नसेल तर माणूस भिंतीपासून ५ फुटांवर उभा करा, बॅकड्रॉपचा उजेड चेहऱ्याच्या बरोबरीने ठेवा आणि उरलेलं थोडंसं एडिटमध्ये उचला. पाच फुटांच्या आत मात्र जाऊ नका. तिथे भिंतीचा उजेड परत येऊन गालांवर चढतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

आणखी एक गोष्ट मोजा: बाजूच्या भिंतींचा रंग. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एक भिंत हमखास पिस्ता किंवा पीच असते. बॅकड्रॉपचा लाइट तिच्यावर आपटून माणसाच्या एका गालावर तो रंग घेऊन येतो. त्या भिंतीवर काळी चादर टांगा. पांढरी टांगलीत तर रंग जाईल, पण उजेड खोलीभर फिरत राहील.

भिंत, कागद की कापड

छाती-खांद्यापर्यंतच्या फोटोंसाठी मॅट पांढऱ्या प्लास्टिक इमल्शनने रंगवलेली सपाट भिंत सगळ्यांत उत्तम. ती सुरकुतत नाही, पडत नाही, जागा खात नाही. ऑइलपेंट किंवा चकचकीत फिनिश नको, त्यात लाइटचा गोळा दिसतो. ऑफ-व्हाइटही नको. ओल आलेली भिंत दोन हात रंग मारूनही पावसाळ्यात पिवळे डाग देते, तेव्हा भिंत निवडतानाच बाहेरच्या बाजूची टाळा.

पूर्ण उंचीचे फोटो करायचे असतील तर कागदाचा रोल हवा. मोठा रोल २.७२ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब असतो. त्याचा अर्धा, १.३५ मीटरचा, एकट्या माणसाच्या अर्ध्या फोटोला पुरतो. रोल आडवा ठेवला की मधे झोल पडतो, म्हणून तो कोपऱ्यात उभा ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीसकट. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी ओढतो आणि त्यावर उभ्या लाटा येतात. बाजूने लाइट टाकला की त्या लाटा पट्ट्यांसारख्या दिसतात. अशा वेळी आदल्या रात्री रोल सोडून, खालच्या टोकाला क्लिपांनी वजन लावून लटकवून ठेवावा.

कापड हा तिसरा पर्याय. लक्ष्मी रोडवर मोठ्या पन्ह्याचं मांजरपाट मिळतं. कोरं पिवळसर असतं, तेव्हा ब्लीच केलेलंच मागा. जोड नको, पन्हाच मोठा हवा. सुरकुत्यांसाठी स्टीम इस्त्री घ्या आणि कापड चारी बाजूंनी क्लिपांनी ताणा. एक विचित्र गोष्ट ध्यानात ठेवा: डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते फ्लॅशमधल्या अतिनील किरणांत निळसर चमकतात. धुतलेलं कापड डोळ्यांना शुभ्र दिसतं आणि फोटोत निळं उतरतं. पांढऱ्या शर्टाचंही हेच होतं.

लाइट आणि कटर

तीन फ्लॅश असले की काम आरामात होतं: दोन बॅकड्रॉपला, एक चेहऱ्याला. स्टुडिओचे मोठे स्ट्रोबच हवेत असं नाही. कॅमेऱ्यावर लावायचे साधे मॅन्युअल फ्लॅश स्टँडवर चढवून, रेडिओ ट्रिगरने पेटवून हेच होतं. फक्त ॲपर्चर एफ ८ ऐवजी एफ ५.६ वर ठेवा (आकडा लहान, तर लेन्समधून उजेड जास्त आत येतो) म्हणजे ते पाव पॉवरवर दमणार नाहीत. बॅटरीवर चालणारे असल्याने गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी शूट अडत नाही, हा पुण्यातला खास फायदा.

एलईडीने होतं का? होतं, पण मग सगळेच लाइट एलईडी ठेवा. चेहऱ्यावर फ्लॅश आणि भिंतीवर एलईडी अशी खिचडी केली की एफ ८, आयएसओ १०० ला एलईडीचा उजेड पुरत नाही आणि रंगही जुळत नाहीत. स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं नाही तर आडवे पट्टे येतात.

लाइटइतकंच महत्त्वाचं सामान म्हणजे काळे बोर्ड. शूटिंगच्या सेटवर त्यांना कटर म्हणतात. थर्माकोलची जाड शीट घ्या, एक बाजू मॅट काळ्या वॉटर कलरने रंगवा (स्प्रे पेंट मारू नका, थर्माकोल वितळतो) आणि दुसरी पांढरीच ठेवा. काळी बाजू कटर, उजेड अडवायला; पांढरी बाजू बाउन्स, उजेड परतवायला. अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांतून काळा माउंटबोर्ड आणून चिकटवलात तरी चालेल. चार शीट असू द्या. क्लिपा, दोरी, स्टँडवर ठेवायच्या वजनाच्या पिशव्या बोहरी आळीत मिळतात. वजनाशिवाय स्टँड उभा करू नका. पोर्ट्रेटला लहान मुलं येतात आणि ती वायरमध्ये पाय घालतातच.

आता प्रत्यक्ष मांडणी

पहिलं काम कॅमेऱ्याचं. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, शटर १/१२५, ॲपर्चर एफ ८, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). शटर १/२०० पर्यंत बहुतेक कॅमेरे फ्लॅशशी जुळतात, पण स्वस्त ट्रिगर कधी कधी एक क्षण मागे राहतात आणि फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी येते. १/१२५ वर ती भानगड नाही. मिररलेस कॅमेऱ्यात एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर स्क्रीन काळी दिसेल आणि फोकस कुठे आहे तेच कळणार नाही.

सगळे फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसत असेल तर खोलीतली ट्यूबलाइट किंवा खिडकी फोटोत घुसते आहे. पडदा ओढा, ट्यूब बंद करा.

आता बॅकड्रॉपचे दोन लाइट. प्रत्येक लाइट भिंतीपासून ४ फूट पुढे आणि मधल्या रेषेपासून ४ फूट बाजूला ठेवा. दहा फूट रुंद खोलीत हे बसतं. डावा लाइट भिंतीच्या उजव्या कडेकडे रोखा, उजवा डाव्या कडेकडे. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. कारण साधं आहे: जवळच्या कडेवर लाइट तसाच जास्त पडतो, म्हणून तिला झोताची फिकट कड द्यायची आणि लांबच्या कडेला झोताचा मधला जोरदार भाग द्यायचा. दोन्ही बाजूंनी हे केलं की बेरीज सपाट होते. दोन्ही लाइट मधोमध रोखले तर मधे पांढरा गोळा आणि कोपरे काळवंडलेले, असं दिसतं. उंची बॅकड्रॉपच्या दिसणाऱ्या भागाच्या मध्याएवढी ठेवा. साध्या फ्लॅशचा झूम २४ मि.मी.वर आणा आणि झोत रुंद करणारी वरची पारदर्शक पट्टी बाहेर काढा. चांदीची छत्री चालेल. आरपार जाणारी पांढरी छत्री छोट्या खोलीत नको, तिचा निम्मा उजेड खोलीभर सांडतो.

लाइट आणि माणसाची जागा यांच्या मधे, दोन्ही बाजूंना एकेक काळा थर्माकोल उभा करा. माणसाच्या जागेवर उभं राहून दोन्हीकडे मान वळवून बघा. फ्लॅशची काच दिसत असेल तर त्याचा उजेड थेट गालावर येणार. कॅमेऱ्याच्या जागेवरूनही बघा. तिथून दिसत असेल तर तो लेन्समध्ये शिरणार.

मग मोजमाप. फ्लॅश मीटर असेल तर घुमट कॅमेऱ्याकडे करून बॅकड्रॉपला लागून धरा, आणि मध्य, चार कोपरे आणि दोन्ही कडांचे मधले बिंदू मोजा. सगळीकडे एक तृतीयांश स्टॉपच्या आत फरक हवा. चेहऱ्यावर एफ ८ ठेवायचा आहे, तर बॅकड्रॉपवर एफ १० दाखवलं पाहिजे (मीटरवर आकडा मोठा म्हणजे तिथे उजेड जास्त). एफ ११ ही सीमा. एफ १६ दिसलं तर लाइट खाली आणा. तिथून कपाळावर हात मारायची वेळ जवळ असते.

मीटर नसेल तरी अडत नाही. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट (काढलेल्या फोटोतला जळलेला भाग लुकलुकवणारी सोय) सुरू करा, पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा. फक्त बॅकड्रॉपचे लाइट सुरू ठेवून, कमी पॉवरपासून, रिकाम्या भिंतीचे फोटो काढत वर चढा. एका टप्प्यावर भिंतीचा काही भाग लुकलुकायला लागेल. तो भाग कुठला आहे ते नीट बघा. मधे लुकलुकतंय आणि कडा शांत आहेत म्हणजे लाइट आणखी बाहेर वळवायचे. डावीकडेच लुकलुकतंय म्हणजे उजव्या लाइटची पॉवर उतरवायची, कारण तोच डावीकडे रोखलेला आहे. जवळजवळ सगळी फ्रेम एकाच वेळी लुकलुकायला लागली की थांबा. पॉवर लिहून ठेवा, आता त्या दोन लाइटना हात लावायचा नाही. सोनीवाल्यांनी झेब्रावर, म्हणजे स्क्रीनवर जळणारा भाग दाखवणाऱ्या पट्ट्यांवर, विसंबू नये. ते पट्टे फ्लॅश पेटण्याआधीचा उजेड मोजतात.

आता माणूस आणा, भिंतीपासून ८ फुटांवर, आणि चेहऱ्याचा लाइट बंदच ठेवून एक फोटो काढा. या एका फोटोवर पुढचं सगळं अवलंबून आहे. माणूस काळी आकृती दिसला पाहिजे, काळ्या कागदातून कापल्यासारखा. झूम करून गालाची कड, कानाची पाळी आणि जबड्याची रेघ बघा. गालावर बोटभर रुंद फिकट पट्टी दिसत असेल तर भिंत माणसाला मागून उजळते आहे. बॅकड्रॉप हा शेवटी एक भलामोठा लाइटच असतो. यावर उपाय तीन, आणि याच क्रमाने करायचे: माणूस आणखी फूटभर पुढे, बॅकड्रॉपची पॉवर एक तृतीयांश स्टॉप खाली, आणि फ्रेमच्या लगेच बाहेर माणसाच्या दोन्ही बाजूंना काळे थर्माकोल. शेवटचा उपाय सगळ्यांत गुणकारी. फ्रेममध्ये साडेचार फूट भिंत दिसते आणि तुम्ही नऊ फूट उजळून ठेवली आहे. बाहेरची साडेचार फूट फक्त नुकसान करते. ती झाकून टाका.

त्याच फोटोत माणसाचा काळा रंग खरोखर काळा आहे की धुरकट राखाडी, तेही बघा. धुरकट असेल तर लेन्समध्ये फ्लेअर, म्हणजे भटका उजेड आहे. लेन्स हुड लावा, समोरचा यूव्ही फिल्टर काढा, काच पुसा. पांढऱ्या बॅकड्रॉपसमोर बोटाचा एक ठसा सगळ्या फोटोचा कॉन्ट्रास्ट खातो.

मग चेहऱ्याचा लाइट. सॉफ्टबॉक्स डोळ्यांपेक्षा जरा वर, ४५ अंशांवर, ४ फुटांवर. चेहऱ्याजवळ एफ ८ आणा. मीटर नसेल तर भिंत विसरा, फक्त चेहरा बघून पॉवर ठरवा. हा लाइट भिंतीवर पोचेल तो तीन स्टॉप कमी, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या पांढऱ्यात फारशी भर पडणार नाही. दुसऱ्या बाजूला सावली जड वाटली तर थर्माकोलची पांढरी बाजू जवळ आणा.

सुरुवातीला एक फोटो ग्रे कार्ड (कसलीही छटा नसलेलं राखाडी कार्ड) हातात देऊन काढा. खोलीचे रंग, छत्रीचं कापड, जुना सॉफ्टबॉक्स हे सगळे थोडी थोडी छटा देतात. ते नंतर एका क्लिकमध्ये सुटतं.

कानावरची बट

एक्स्पोजर बरोबर आहे की नाही हे मी हिस्टोग्रामपेक्षा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखापेक्षा) एका जागेवर जास्त तपासतो: कानाच्या वर सुटलेले बारीक केस. फोटो शंभर टक्के मोठा करा. प्रत्येक केस टोकापर्यंत दिसला पाहिजे. बॅकड्रॉप एक स्टॉपच्या वर गेला की आधी ही टोकं नाहीशी होतात, मग केस मुळाशी जाड आणि पुढे तुटलेले दिसतात, मग डोक्याची कड चावल्यासारखी होते. तेल लावलेले केस असतील तर कडेला चकचकीत पांढरी रेघ येते. तिथेही भिंतच जास्त बोलते आहे.

खरा कस लागतो तो आजोबांच्या फोटोत. पांढरे विरळ केस, पांढरा सदरा, डोक्यावर गांधी टोपी, आणि मागे पांढरं. नेहमीच्या मांडणीत टोपी हवेत विरून जाते आणि खांदे भिंतीत मिसळतात. इथे बॅकड्रॉप चेहऱ्याच्या बरोबरीवर, म्हणजे एफ ८ वर आणा. तो फिकट राखाडीच्या अलीकडचा पांढरा येईल आणि तेच हवं आहे. सॉफ्टबॉक्स आणखी बाजूला, ६० अंशांवर न्या, म्हणजे सदऱ्याच्या चुण्यांना सावली मिळेल. दोन्ही बाजूंचे काळे थर्माकोल शक्य तेवढे जवळ, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणा. काळ्याचं प्रतिबिंब कपड्याच्या आणि टोपीच्या कडेला एक बारीक गडद रेघ ओढतं आणि टोपीची शिवण, टोक, बाजूची घडी सगळं उठून येतं. खादीचा पोत जपायचा असेल तर चेहऱ्याचा लाइटही एक तृतीयांश स्टॉप उतरवा. एडिटमध्ये चेहरा उचलता येतो. जळलेली खादी परत येत नाही. नववारीतल्या आजींच्या पांढऱ्या अंबाड्याला हेच लागू.

पायांपर्यंतचा फोटो

रोल वरून सोडून जमिनीवर गोलसर वळवा, कुठेही घडी पाडू नका. माणूस वळणापासून निदान ५-६ फूट पुढे हवा. मागे दोन लाइट पुरतील, पण ते उभ्या पट्टीच्या सॉफ्टबॉक्समध्ये घाला, नाहीतर डोक्यामागे पांढरं आणि गुडघ्यामागे राखाडी होतं.

अडचण जमिनीची आहे. भिंतीचे लाइट तिथे पोचत नाहीत आणि चेहऱ्याचा लाइट जमिनीवर तिरका पडतो, म्हणून पायाखालचा कागद मळकट दिसतो. यावर स्वस्त तोडगा म्हणजे ८ बाय ४ फुटांचं चकचकीत पांढरं सनमायका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतं. टेम्पोत आडवं टाकून आणा, गुंडाळून आणताना तडकतं. ते कागदावर लांबीत, कॅमेऱ्याच्या दिशेने ठेवायचं आणि माणसाला त्यावर उभं करायचं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवला की उजळलेल्या भिंतीचं प्रतिबिंब सनमायकात पडतं आणि जमीन आपोआप पांढरी होते, पायाखाली हलकंसं प्रतिबिंब राहतं. चपलांचे तळवे आधी ओल्या फडक्याने पुसा. पायाखालची उरलेली सावली एडिटमध्ये पूर्ण पुसू नका, नाहीतर माणूस तरंगतो.

एकच फ्लॅश असेल तर

तर तो चेहऱ्यावर लावू नका. मोठा सॉफ्टबॉक्स, तीन फुटांच्या वरचा, माणसाच्या मागे ठेवा, तोंड कॅमेऱ्याकडे. सॉफ्टबॉक्सचा पांढरा पडदा हाच बॅकड्रॉप. माणसाच्या समोर दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पांढऱ्या बाजू ‘व्ही’ आकारात जवळ आणा आणि त्यांच्या फटीतून फोटो काढा. मागचा उजेड त्यांच्यावर आपटून चेहऱ्यावर येतो, अगदी मऊ. इथे कडांवर थोडा उजेड चढणारच. तरुण चेहऱ्याला तो शोभतो, कंपनीच्या प्रोफाइलला नाही. फ्रेम फक्त डोकं-खांद्यांपुरती राहते.

दुसरी सोय म्हणजे खिडकी. दिवसाचा उजेड आणि फ्लॅश यांचे रंग जवळपास सारखे असतात, तेव्हा चेहरा उत्तरेच्या खिडकीवर सोपवून फ्लॅश भिंतीला द्या. शटर बराच हळू ठेवावा लागेल, ट्रायपॉड घ्या.

व्हिसाचे फोटो

यांचे नियम वेगळे. अमेरिकेच्या व्हिसाला ५१ बाय ५१ मि.मी.चा चौकोनी फोटो लागतो, बॅकग्राउंड पांढरं किंवा ऑफ-व्हाइट, हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत २५ ते ३५ मि.मी., आणि नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही. शेंगेनसाठी ३५ बाय ४५ मि.मी. मागे सावली नको, चेहऱ्यावर एका बाजूला गडद नको. अमेरिकेच्या फोटोत डिजिटल फेरफारही चालत नाही, तेव्हा ‘नंतर कापून पांढरं लावू’ हा मार्ग बंद. चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी सारखे दोन लाइट, बॅकड्रॉप बरोबरीने किंवा एक तृतीयांश स्टॉप वर, माणूस भिंतीपासून ५ फूट. कलात्मक काही करू नका.

एडिट आणि प्रिंट

मांडणी नीट असेल तर एडिट दोन मिनिटांचं. ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स घ्या, तो सगळ्या फोटोंना लावा. लाइटरूममध्ये अल्ट की दाबून व्हाइट्सचा स्लायडर सरकवला की कुठला भाग पूर्ण पांढरा झालाय ते दिसतं. पोर्ट्रेटला मी बॅकड्रॉप २४५ ते २५० च्या आसपास ठेवतो (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). वेबसाइटच्या पांढऱ्या पानात मिसळून जायला हवा असेल तरच २५५. एखादा कोपरा मागे राहिला असेल तर फोटोशॉपमधलं डॉज टूल (उजळवणारा ब्रश) हायलाइट्सवर, १०-१५ टक्क्यांवर ठेवून दोन हात फिरवा. केसांजवळ ब्रश नेऊ नका. हे काम मोबाइलच्या स्क्रीनवर तपासू नका. तिचा ब्राइटनेस चढा असतो आणि राखाडी कोपरे लपतात.

प्रिंटला देताना एक गोष्ट लॅबवाला आपणहून सांगत नाही. २५५ च्या पांढऱ्यावर शाई पडतच नाही, तिथे नुसता कागद दिसतो. बायोडेटाच्या पांढऱ्या पानावर असा फोटो छापला की त्याची चौकट नाहीशी होते आणि धड हवेत लटकलेलं दिसतं. फाइलला चारी बाजूंनी फिकट राखाडीची एक बारीक रेघ द्या, अर्धा मि.मी. पुरे. लॅबला बिनकडेचा प्रिंट नको, पूर्ण फाइल छापा असंही सांगा, नाहीतर कापताना ती रेघ एका बाजूने उडते.